लठ्ठ मेनूकार्डाची हॉटेलं आणि चार पदार्थांची हॉटेलं

सदा भुकेला

एक ठोकताळा मांडतो, पटतोय का बघा. हॉटेलात बसल्यावर पोऱ्याने प्लॅस्टिकच्या कव्हरातलं जाडजूड मेनूकार्ड आणून आपटलं आणि त्यात मिसळ, व्हेज कोल्हापुरी, शेजवान राईस आणि पनीर पिझ्झा हे चौघे गुण्यागोविंदाने नांदत असतील, तर चहा प्यावा आणि उठावं. चहाही बेताचाच असेल, पण निदान गरम असेल.

याउलट जिथे मेनूकार्डच नाही, भिंतीवर पाटी आहे, पाटीवर चार-पाच ओळी आहेत आणि त्यातल्या दोन ओळींपुढे खडूने 'संपले' लिहिलंय, तिथे डोळे मिटून बसावं. पुण्यात मुंजाबाच्या बोळातले बेडेकर, ठाण्यात मामलेदार, कल्याणचा खिडकी वडा. दादरच्या प्रकाशची यादी जरा लांब आहे, पण साबुदाणा वडा, थालीपीठ, पियुष सगळं एकाच घराण्यातलं. तिथे कोणी मंचुरियन मागितलं तर बहुधा शेजारच्या टेबलावरचे आजोबाच उठून जाब विचारतील.

आमच्या उपनगरातलं एक झकास पोहे-मिसळवालं ठिकाण मात्र डोळ्यांदेखत बिघडलं. आधी पावभाजी आली, मग डोसा, मग चायनीजचा काउंटर, आता दाराशी सुरती खाऊचा स्टॉल. मिसळ अजून मिळते, पण रश्शाला जीव नाही. नाव लिहीत नाही, मालक ओळखीचे आहेत.

तर प्रश्न दोन. तुमच्या गावात अजून चार पदार्थांवर उभं असलेलं हॉटेल आहे का? आणि बाकीच्यांना ही मेनू फुगवायची दुर्बुद्धी का होते?

शाहूपुरीकर

नाद खुळा विषय काढलासा. कोल्हापुरात मेनूवरनं भांडण होतच नाही, कटावरनं, म्हणजे मिसळीच्या झणझणीत रश्श्यावरनं होतं. फडतरे भारी का खासबाग, चोरगे का बावडा, यावर घरातल्या घरात दोन तट आहेत. माझा धाकटा भाऊ बावड्याच्या बाजूचा आहे, त्याच्याशी या विषयावर बोलणं बंद.

फडतरे उद्यमनगरात आहे हे लक्षात घ्या. आजूबाजूला फौंड्र्या आणि मशिन शॉप. सकाळी शिफ्टला निघालेला माणूस मेनूकार्ड उघडून विचार करत बसत नाही. बसला की समोर मिसळ, ब्रेडचे जाड तुकडे, कट संपला की परत कट. पंधरा मिनिटांत माणूस कामावर. हेच आमचं फास्ट फूड, त्याला वेगळी पाटी लागत नाही.

बेडेकरांच्या मिसळीबद्दल आदर आहे. आम्ही ती जेवणानंतर गोड म्हणून खातो.

पेठेतला (मूळ)

शाहूपुरीकर, तुमचा कट प्यायल्यावर पुढचे चार घास कशाचे होते हे तरी कळतं का? बेडेकरांच्या मिसळीत पोहे, बटाटा, शेव, रस्सा, प्रत्येकाची चव वेगवेगळी लागते. तिखटाची सोय हवी असेल तर वेगळी मागून घ्यावी. आरडाओरडा करून वाढलेलं सगळंच चविष्ट असतं असं नाही.

सदा भुकेला

झालं सुरू. मिसळीचे धागे आधीच पोत्याने आहेत, इथे मेनूबद्दल बोला राव.

गोदाकाठचा

नाशिकचं सांगतो. इथे मेनू लहानच राहिला, पार्किंग वाढलं. गंगापूर रोडला किंवा मखमलाबादकडे रविवारी सकाळी जा. झोपाळे आहेत, घसरगुंडी आहे, बैलगाडी उभी केलेली आहे फोटोसाठी, लांबून आलेल्या गाड्यांची रांग आहे. आत मात्र मिसळ, पापड, दही, पाव आणि वर जिलबी किंवा गुलाबजाम. साधनाची चुलीवरची मिसळ माहीत असेलच. लोक मिसळ खायला येतात असं म्हणवत नाही, सहलीला येतात आणि मिसळ खातात. काळ्या मसाल्याचा रस्सा जमलेला असला तर माझी तक्रार नाही, पण सकाळी आठला भूक लागलेल्या माणसाने टोकन घेऊन झोपाळ्यावर बसायचं हे जरा अतीच.

उभ्याने खायचं असेल तर आमचा उलटा वडापाव. पावाच्या आत भाजी, वरून बेसन, अख्खा तळलेला. मुंबईकर नाक मुरडतात. मुरडू देत.

माटुंगा ते मुलुंड

सदाभाऊ, तुमचा ठोकताळा उडुपी हॉटेलांपाशी कोलमडतो. कुठल्याही शेट्टीच्या हॉटेलातलं कार्ड वाचायलाच इडली गार होईल एवढा वेळ लागतो. तरी मुंबईतल्या निम्म्या लोकांचा नाश्ता तिथेच होतो आणि चांगला होतो.

कारण ती यादी लांब दिसते, आत स्वयंपाकघरात ती आखूडच असते. इडलीचं पीठ, डोशाचं पीठ, बटाट्याची भाजी, सांबार, चटणी. एवढ्यातून साधा, मसाला, म्हैसूर, रवा, उत्तप्पा, इडली फ्राय, वडा सांबार अशा पंचवीस ओळी निघतात. माटुंग्यात रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे, तिथे तर केळीच्या पानावर त्या दिवशी जे असेल ते जेवायचं. त्याच परंपरेतली वैशाली तुमच्या फर्ग्युसन रस्त्यावर. डोशाच्या ठिकाणी लोक शेव-बटाटा-दही-पुरीसाठी रांग लावतात, मग काय ती वैशालीची दुर्बुद्धी म्हणायची?

म्हणून मोजायचं तर मेनूच्या ओळी मोजू नका, पातेली मोजा.

सदा भुकेला

पातेली मोजा! मान्य. मूळ लेखात दुरुस्ती करायची सोय असती तर हेच शीर्षक दिलं असतं.

गल्ल्यावरचा

इथे फक्त वाचत असतो, पण आज लिहावंसं वाटलं. मी स्नॅक्स सेंटर चालवतो. गाव सांगत नाही. सुरुवात चार पदार्थांवरच केली होती आणि आज माझ्याकडेही जाड मेनूकार्ड आहे, वर प्लॅस्टिकचं कव्हरही आहे. म्हणून दुर्बुद्धी कशी होते ते सांगतो.

पहिलं म्हणजे भाडं. भाडं चोवीस तासांचं द्यावं लागतं. मिसळ-पोह्याचं गिऱ्हाईक सकाळी साडेसात ते अकरा, फार तर रविवारी एकपर्यंत. उरलेला दिवस दिवे, पंखे, दोन पोरं आणि मी एकमेकांकडे बघत बसायचं? संध्याकाळी कॉलेजची पोरं येतात, त्यांना पोहे नको असतात. तुम्ही वर जी नावं लिहिलीत ना, त्यातल्या बऱ्याच जणांची जागा जुनी आहे. स्वतःची असेल, पागडीची असेल. आज कोणी नवा गाळा घेऊन दुपारी बाराला शटर ओढून दाखवावं, मी त्याच्या पाया पडेन.

दुसरं, मिसळीला दोन दिवस आधी डोकं चालवावं लागतं. मटकी आज भिजवली तर उद्या मोड, परवा पातेल्यात. रविवारी पाऊस लागला आणि गिऱ्हाईक घरात बसलं की पातेलं तसंच. उसळ दुसऱ्या दिवशी काढायची माझी तयारी नसते, काही लोक काढतात. नूडल्सचं तसं नाही. कोबी चिरलेला आहे, सॉसची बाटली आहे, ऑर्डर आली की पाच मिनिटं. नाही आली तर नुकसान शून्य.

तिसरं, कुटुंब. चौघं येतात, आजोबांना इडली, आईला काहीतरी उपासाचं, बाबांना मिसळ, मुलाला काहीतरी चीजवालं. एकाचं जरी आमच्याकडे नसलं तरी चौघेही पुढच्या हॉटेलात जातात.

आणि तुमच्या दाराशी लागलेला तो सुरती स्टॉल बहुतेक त्या मालकाचा नसेलच. दर्शनी चार फूट जागा दुसऱ्याला दिली की भाड्याचा मोठा भाग तिथूनच सुटतो. माझ्याही दारात एक डोसावाला पोरगा उभा असतो. पीठ त्याचं, तवा त्याचा, कमाई त्याची. लोक मात्र 'डोसा बिघडला तुमचा' म्हणून मला ऐकवतात.

शाहूपुरीकर

गल्ल्यावरचे दादा, मान गये. पण मग संध्याकाळी शटर अर्ध ओढून बसायचं नाही म्हणून मिसळीचा रस्सा पातळ करायचा हे कसं?

गल्ल्यावरचा

रस्सा पातळ होतो कारण जो माणूस तो करायचा त्याला आता सकाळी पावभाजीचा बटाटाही उकडायचा असतो. आचारी तोच, हात तेच दोन. मिसळीला मसाला भाजायला जो तास लागतो तोच पहिल्यांदा कापला जातो. मग तयार मसाल्याचं पाकीट येतं. पाकिटाचा रंग छान येतो, म्हणून काही दिवस कळतही नाही.

खिडकीतून

भाड्याच्या मुद्द्यावर कल्याणचं उदाहरण बघा. खिडकी वड्याला खिडकी हे नाव पडलं ते घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली म्हणून. स्वतःचं घर, खिडकीबाहेर गिऱ्हाईक, टेबल-खुर्ची काही नाही. बटाटेवड्यावर दुकान उभं राहू शकलं ते अशानेच. मामलेदारची मिसळसुद्धा मामलेदार कचेरीच्या आडोशाने वाढलेली, नावच सांगतंय. कचेरीत कामाला आलेला माणूस हे कायमचं गिऱ्हाईक.

अवांतर: ठाण्यात गजाननच्या वडापावाबरोबर ती पिवळी बेसनाची पातळ चटणी मिळते, ती घरी कुणाला जमली असेल तर कृपया कृती टाका. आमच्या घरी दर वेळी पिठलं होतं.

सराफ्याची सून

माहेर सातारा, सासर इंदूर, त्यामुळे दोन्हीकडचं खाते. गल्ल्यावरच्या दादांचा भाड्याचा मुद्दा इंदुरात ठळक दिसतो. सराफा बाजार दिवसभर सोन्या-चांदीचा. रात्री सराफी दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांवर आणि रस्त्यावर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. एकाच जागेवर दोन धंदे, दोन वेळा. म्हणून तिथला एक ठेलेवाला फक्त दहीवडा करतो, दुसरा फक्त भुट्ट्याचा कीस, तिसरा फक्त गराडू नावाचा कंद तळतो. कुणालाच मेनू वाढवायची गरज पडत नाही, कारण मेनू सगळ्या गल्लीचा मिळून आहे.

सकाळी पोहे-जिलबी. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला. पहिल्यांदा आलेले पाहुणे जिलबीकडे संशयाने बघतात, मग दोन-दोन घेतात.

नागपूरचा बंडू

पोह्यांचा विषय निघाला अन् नागपूर नाही, असं कसं चालन भाऊ? आमचे तर्री पोहे खाऊन पाहा. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वरून कांदा, शेव. सकाळी टपरीवर गर्दी, दहा वाजता टोप रिकामा. एकच पदार्थ, फार तर संगतीला आलूबोंडा. इथे मेनूकार्ड छापायला कोण बसलंय?

अमरावतीत असाल तर गिला वडा सोडू नका. शेगावला दर्शनाला आले तर कचोरी स्टेशनवरचीच खा, गरम असेल तेव्हाच. बॉक्स भरून घरी नेता अन् मग म्हणता, काही खास नाही. अरे, गार कचोरी कोणाची खास लागते बाप्पा?

कॉर्पोरेट मजूर

सगळे मिळून नॉस्टॅल्जियाचा रस्सा ढवळताय, म्हणून दुसरी बाजू. चार पदार्थांचं तत्त्व सगळ्यात कडक कोण पाळतं? बर्गरवाल्या साखळ्या! मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं ते गोमांस आणि डुकराचं मांस बाजूला ठेवून, आणि इथे चाललं कशावर, तर आलू टिक्कीवर. म्हणजे पावातला बटाटाच. मोजकी यंत्रं, मोजकी कच्ची सामग्री, ठरलेली मिनिटं. तुमच्या 'पातेली मोजा' कसोटीवर ते पहिल्या नंबराने पास आहेत.

आणि जम्बोकिंगने २००१ मध्ये मालाडला वडापाव घेऊन हेच केलं. स्टेशनजवळ छोटासा गाळा, बसायला जागा नाही, लोकल पकडायच्या आत व्यवहार पूर्ण. आवडत नसेल तर खाऊ नका, पण धंदा म्हणून गल्ल्यावरच्या काकांच्या भाड्याच्या प्रश्नाचं हे एक उत्तर आहेच.

पेठेतला (मूळ)

धंदा म्हणून उत्तम असेल. पण दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकला असं सगळे सांगतात, त्यात लसणाची सुकी चटणी होती, मेयोनीज नव्हतं. मेयोनीज वडापाव खाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त शेजारी उभा राहत नाही.

अनुराधा_जे

सगळ्या काका-दादा-भाऊ मंडळींना एक विचारते. या चार पदार्थांच्या थोर हॉटेलांपैकी कितींमध्ये बाईमाणसाला वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे?

द्रुतगती मार्गावर आम्ही फूडमॉललाच थांबतो. तिथला वडा महाग असतो आणि बरा असतो, त्याहून जास्त काही नाही. जुन्या रस्त्याने गेलो तर याहून चांगलं खायला मिळतं हे मलाही माहीत आहे. पण गाडीत सासूबाई आहेत, लहान मुलगी आहे आणि पुढचा दीड तास हातात नाही. थांबा कुठे घ्यायचा हे आमच्याकडे वड्यावरून ठरत नाही.

दुसरं, बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसायची जी मौज तुम्ही लोक वर्णन करता, ती एकट्या मुलीला तशीच वाटते असं नाही. उडुपी हॉटेलातलं 'फॅमिली रूम' नावाचं कोंदट प्रकरण लहानपणी मला आवडायचं नाही, आता कळतं की आई निवांत चहा प्यायची ती तिथेच.

माटुंगा ते मुलुंड

अनुराधाताई, +१. आमच्याकडे उडुपी टिकण्याचं हे अर्धं कारण आहे. एकटी बाई, म्हातारा माणूस, हातात पिशव्या, कुणालाही बसता येतं आणि कोणी वळून बघत नाही.

शाहूपुरीकर

ताई, स्वच्छतागृहाचं खरं आहे, यावर आमच्याकडे उत्तर नाही. फडतऱ्यांकडे बायका-पोरं भरपूर असतात एवढं मात्र सांगतो. रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

मांडवीकर

गोव्यातलं कुणीच लिहिलं नाही? पणजीत कॅफे भोसले किंवा कॅफे तातो, सकाळी पाव-भाजी. ही मुंबईची पावभाजी नव्हे हो. पातळ भाजी, सुकी भाजी, टोमॅटो भाजी, नाहीतर दोन मिसळून मिक्स. सोबत पाव, एखादी मिरची, नाहीतर बन. माटुंगावाल्यांचं पातेल्यांचं गणित इथे तंतोतंत बसतं. आणि पाव कुठून येतो? पोदेराकडून, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडून, सकाळी. हॉटेलवाल्याने पाव करायचा नाही, पोदेराने भाजी करायची नाही. एवढी वाटणी जमली की कुणाचंच कार्ड फुगत नाही.

संध्याकाळी गाड्यावर रॉस ऑम्लेट. ऑम्लेटवर शाकुतीचा मसालेदार रस्सा ओतलेला, वर कांदा, सोबत पाव. मेनू विचारलात तर गाडेवाला तुमच्याकडेच बघत राहील.

बडोदेकर

बडोद्याची शेवउसळ राहिली. वाटाण्याची उसळ, तर्री वेगळ्या भांड्यात, शेवेचा डोंगर, पात कांदा, लसणाची चटणी आणि पाव. महाकालीकडे गर्दी बघा. मिसळीची गुजरातेत दिलेली बहीण म्हणा हवं तर. इथल्या मराठी घरांतून ती आली की गुजराती गल्लीतून, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक वाद घालता घालता तिसरा पाव मागवतात.

टेम्सकाठी

लंडनहून. इथे श्रीकृष्ण वडापाव आहे, २०१० मध्ये हाउन्स्लोत सुरू झालं. गल्ल्यावरच्या काकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे सुरुवात स्वतःच्या दुकानात झालीच नाही. मंदीत नोकरी गेलेल्या मित्रांनी एका आईस्क्रीम कॅफेमध्ये थोडी जागा भाड्याने घेतली आणि तिथून वडापाव विकला. म्हणजे तुमच्या दारातला डोसावाला पोरगा तो हाच, फक्त थंडीत.

आता त्यांचा मेनू चांगला लांब आहे. मिसळ आहे, साबुदाणा वडा आहे, चायनीज वळणाचंही काही आहे. सदाभाऊंच्या नियमाने मी उठून जायला हवं. पण परदेशात मराठी खाण्याचं दुकान एकच असलं की त्यालाच बेडेकर, प्रकाश, वैशाली सगळं व्हावं लागतं. जानेवारीत बाहेर अंधार असताना मी तिथे 'फक्त चारच पदार्थ ठेवा' असं सांगायला जाणार नाही.

सदा भुकेला

मंडळी, धाग्याने फारच वेगळं वळण घेतलं. मी चवीबद्दल विचारलं होतं, तुम्ही भाडेकराराचा वर्ग घेतलात.

गल्ल्यावरचे काका, एक शेवटचं. आमच्या त्या ओळखीच्या मालकांना काय सुचवावं? मेनू कमी करा म्हटलं तर तुम्ही सांगितलेलीच कारणं देतील.

गल्ल्यावरचा

मेनू कमी करा असं सांगू नका, ते तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देतील. मी सांगतो मी काय केलं. चायनीज संध्याकाळी पाचनंतरच ठेवलं. सकाळी कार्ड टेबलावर जात नाही, पाटी असते. सकाळी अकरापर्यंत आचाऱ्याला दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही असं ठरवलंय. मसाला पुन्हा घरचा सुरू केला, बायको आणि वहिनी आठवड्यातून एकदा भाजतात, त्याचा पगार धरतो. फुकट धरला की तो मसाला दोन महिन्यांत बंद पडतो.

आणि मिसळीचं पार्सल ॲपवर देणं बंद केलं. त्यांचा हिस्सा कापून उरतं थोडं, त्यात रस्सा एका पिशवीत, फरसाण दुसऱ्या पिशवीत, पाव दबलेला. गिऱ्हाईक अर्ध्या तासाने उघडतं, शेव आधीच ओतून ठेवतं आणि दोन तारे देतं. ज्याला हवी त्याने डबा घेऊन यावं.

तुमच्या मालकांना एवढंच विचारा की सकाळी गॅसवर पातेली किती असतात. तीन म्हणाले तर अजून आशा आहे.

खिडकीतून

ते सगळं ठीक आहे, पिवळ्या चटणीची कृती कुणी देतंय का?

अनुराधा_जे

बेसन ताकात नाही, पाण्यात कालवा. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, वाटलेली हिरवी मिरची, हळद जरा सढळ. चिमूटभर साखर आणि लिंबू. आच मंद ठेवून सतत ढवळायचं आणि पळीवरून सहज ओघळत असतानाच उतरवायचं, गार झाल्यावर ती आणखी दाटते. तुमचं पिठलं तिथेच होत असणार. गजाननची अशीच असते असा माझा दावा नाही, पण आमच्याकडे वडे संपायच्या आधी चटणी संपते.